विमलताई आणि निवांत मासा

निवृत्तीआधीच्या त्या शेवटच्या वर्षात विमलताई घोरपड्यांच्या घरात कुकरची शिट्टी होत नसे. कोल्हापूरकडची माणसं, आठवड्यातून दोनदा मटण शिजणार, आणि शिट्टी नाही. डाळ-भात उघड्या पातेल्यात, मटण दुपारभर मंद गॅसवर. दारावरची घंटी काढून ठेवलेली. आपण दारही वाजवायचं नाही, फोन करायचा. मग घोरपडे भावोजी मोजे घातलेल्या पायांनी येऊन दार उघडायचे. चपला बाहेर. आत गेलं की गप्पा मारायला हरकत नव्हती, पण आवाज चढवायचा नाही, कारण मागच्या खोलीत काचेच्या टाकीत मासे होते आणि त्यांना घाबरवायचं नव्हतं.

मला हा सगळा वेडेपणा वाटायचा आणि तसं मी तोंडावर सांगितलंही. बाळंतिणीच्या खोलीला इतके नियम नसतात, ताई, असं म्हटलं तर त्या हसल्या. त्यांचं हसणं मोठं, आणि तेवढं मात्र त्यांना आवरत नसे. हसू यायला लागलं की तोंडावर हात दाबून बाल्कनीत जायच्या, तिथे मनसोक्त हसून घ्यायच्या आणि परत येऊन अर्धवट राहिलेलं वाक्य पुरं करायच्या.

आम्ही कोलकात्याला आलो ते माझ्या नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे. सॉल्ट लेकमध्ये घर मिळालं. सामान अजून खोक्यांत होतं, बाजारात कशाला काय म्हणतात ते कळत नव्हतं, दूधवाला माझं हिंदी ऐकून बंगालीत उत्तर देत होता, आणि अशा वेळी समोरच्या दारावर ‘घोरपडे’ अशी पाटी दिसली. मी सरळ जाऊन उभी राहिले. दार उघडलं ते विमलताईंनीच. उंच, हाडापेराने रुंद, केस आखूड, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या. मी मराठीत बोलले आणि त्यांनी मला खांद्याला धरून आत ओढलं. चहा पुढ्यात आला तेव्हा त्यांच्या हातांना कसला तरी दवाखान्यातल्यासारखा वास येत होता. पुढे तो वास माझ्या इतका ओळखीचा झाला की जिन्यात आला तरी ताई घरी आल्या हे कळायचं.

त्या एका सरकारी संशोधन संस्थेत होत्या. भावोजी, म्हणजे आनंदराव, केंद्र सरकारच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. मुलगा बंगळूरला. दोघं तरुणपणी इथे आले, परत जायचं जायचं म्हणत राहिले, आणि राहूनच गेले. तुम्ही कशाच्या डॉक्टर, असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, माशांच्या, आणि तेही मेल्यावर. एवढं बोलून विषय बदलायच्या. लोकांना त्यात विनोद वाटायचा. मलाही वाटायचा.

त्यांचं काम मला कळलं ते माझ्या ओट्यापाशी. मी पोळ्या करत होते आणि त्या स्टुलावर बसून शेंगा सोलत होत्या. मी विचारलं, ताई, दिवसभर त्या सूक्ष्मदर्शकात तुम्ही बघता तरी काय? त्यांनी उलटा प्रश्न केला: घरात कुणी अचानक आजारी पडलं तर तुझ्या या पोळ्यांचं काय होईल? राहतील, म्हटलं. धुणं? तेही राहील. तसंच पेशीचं, त्या म्हणाल्या. पाण्यातून विष आत गेलं, क्रोमियम म्हण, शिसं म्हण, रंगातलं काही म्हण, की पेशीतली प्रथिनं वाकडीतिकडी व्हायला लागतात. मग पेशी आपली रोजची कामं, वाढायचं, साठवायचं, सगळं बाजूला टाकते आणि एकाच कामाला लागते. राखणदार प्रथिनं तयार करायची. ती राखणदार प्रथिनं वाकड्या झालेल्यांना धरून सरळ करत बसतात. विष थोडं असेल, लवकर गेलं, तर निभावतं. रोजचंच झालं तर पेशी दमते. अगदीच दमली की स्वतःच स्वतःला संपवते, शेजारच्या पेशींना उपद्रव नको म्हणून. यकृतात, कल्ल्यांत, मूत्रपिंडात हे सगळं चाललेलं असतं आणि बाहेरून मासा एकदम झकास दिसतो.

‘मासा मरत नाही हीच पंचाईत आहे,’ त्या म्हणाल्या. मेलेल्या माशांचे फोटो पेपरात येतात. दमलेल्या यकृताचा फोटो कोण छापणार?

शेंगा सोलून झाल्या होत्या. मी पोळी करपवली होती.

खायचा मासा त्यांच्या घरात येत नसे. ज्यांच्या पोटात दिवसभर डोकं घालायचं त्यांनाच संध्याकाळी ताटात घ्यायचं म्हणजे कसंतरीच वाटतं, असं त्या सांगायच्या. पण गंमत अशी की अख्ख्या ब्लॉकमध्ये माशांची त्यांच्याइतकी मोठी जाणकार कुणी नाही, अशी त्यांची ख्याती होती. खालच्या मजल्यावरच्या सेनगुप्ता काकू जावई यायचा असला की ताईंना बाजारात ओढून न्यायच्या. ताई माशाचं कल्ल्यावरचं झाकण बोटाने हलकेच उचलायच्या, मान तिरकी करून आत बघायच्या, आणि विक्रेता श्वास रोखून उभा राहायचा. एका कोळ्याने तर त्यांना बघून पुढचे मासे मागे सरकवलेले मी पाहिले. ताई शेवटी म्हणायच्या, ताजा आहे, घ्या. सेनगुप्ता काकू विजयी चेहऱ्याने पैसे द्यायच्या.

एकदा परतताना मी विचारलं, खरंच सगळं ठीक होतं का? ताजा होता, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, तसं नाही. त्यावर त्या म्हणाल्या की दुसरं जे असतं ते डोळ्यांना दिसत नाही, आणि बाजारात उभं राहून बोलण्यासारखं तर मुळीच नसतं. सेनगुप्ता काकूंनी काय करावं मग? जावयाला वांगी घालावीत? मला त्यांचा राग आला. एवढं माहीत असलेलं माणूस गप्प कसं बसतं, असं वाटलं. पुढे त्यांच्याबरोबर हिंडायला लागल्यावर तो राग हळूहळू जिरला.

हिंडणं सुरू झालं ते सुबल आणि मालती मंडल यांच्या तळ्यामुळे. शहराच्या पूर्वेला मैलोगणती उथळ तळी आहेत, इथे त्यांना भेडी म्हणतात. शहराचं सांडपाणी कालव्यांतून तिकडे जातं, उन्हात निवळतं, आणि त्यावर मासे पोसतात. हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे आणि ज्याने कुणी ते शोधून काढलं त्याच्या डोक्याला नमस्कारच केला पाहिजे. घाण इकडून जाते आणि रुई, कातला असले मासे होऊन परत येते. मंडलांचं तळं अगदी कडेला, लहानसं, सुबल आणि त्याच्या दोन चुलत भावांच्या सामाईकीतलं. अलीकडे त्यांच्या कालव्यावर पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या होत्या. नळांना आणि सायकलींच्या हँडलना चकाकी चढवायचं काम तिथे चाले. त्यांचं पाणी कालव्यात येई, आणि काही दिवस ते पाणी पिवळट दिसे. सुबल एका सरकारी कचेरीत तक्रार घेऊन गेला. पुरावा आणा, असं सांगून त्यांनी त्याला परत पाठवलं. कुणीतरी त्याला ताईंचं नाव सांगितलं.

मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले ती पहाटेनंतरची वेळ होती, धुकं अजून पाण्यावर होतं. ताईंनी काठावर बसून आधी बांगड्या रुमालाने बांधून टाकल्या. मग सगळ्यांना गप्प बसवलं. जाळं आधीच पाण्यात सोडून ठेवलेलं. बोलायचं नाही, पाय आपटायचे नाहीत, शिंक आली तर दाबायची. मासा जाळ्याला घाबरला की त्या घाबरण्यानेही पेशीत तोच गोंधळ सुरू होतो, आणि मग पाण्याचा दोष कुठला आणि आपला कुठला ते कळत नाही. ‘घाई केली तर आपलीच घाई मोजली जाते,’ हे त्यांचं नेहमीचं वाक्य. सुबलला सुरुवातीला हे सगळं फार विनोदी वाटलं होतं. जन्मभर पाणी बडवून मासे धरणारा माणूस तो. पण मालती ताईंच्या शेजारी पदर खोचून तशीच मांडी घालून बसली, तोंडातलं पान चघळायचंसुद्धा थांबवून. दोघींची मैत्री झाली ती अशी, एक शब्द न बोलता.

मासा बाहेर आला की क्षणात बर्फाच्या पाण्यात, आणि तिथून पुढचं काम ताई इतक्या चटकन करायच्या की मी दुसरीकडे बघेपर्यंत ते संपलेलं असायचं. लहान लहान बाटल्यांत यकृताचे, कल्ल्यांचे तुकडे. मग मालती विचारायची, ‘दीदी, आमादेर माछ केमोन?’ आमचे मासे कसे आहेत? आणि ताई सांगायच्या, ‘देखछि.’ बघते आहे. दर खेपेला हेच. मालतीची नात तोवर अंगणात भात आणि माशाचं कालवण खात असायची. ते मासे त्या घरात रोज शिजत. ताई त्या ताटाकडे बघायच्या नाहीत, हे माझ्या लक्षात आलं होतं.

लॅबमध्ये त्या तुकड्यांमधली राखणदार प्रथिनं वेगळी काढली की शेवटी एका पट्टीवर काळी रेघ उमटते. ताण जितका जास्त, तितकी रेघ गडद. मंडलांच्या माशांची रेघ मला ताईंनी फोनवर दाखवली. काजळाच्या बोटाने ओढावी तशी होती. मी म्हटलं, झालं की मग, पुरावा मिळाला. नेऊन द्या आणि त्या शेड हलवा.

त्या ती रेघ घेऊन गेल्या. समोरचा अधिकारी तरुण होता, सभ्य होता, त्याने चहा मागवला. सगळं नीट ऐकून त्याने एकच विचारलं की मॅडम, ही गडद कशाच्या मानाने? ज्या माशाला काहीही झालेलं नाही, त्याची रेघ कुठे आहे? जिन्यात ताईंची वाट बघत मी उभी होते. बाहेर येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी त्या अधिकाऱ्याला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या घातल्या. ताई म्हणाल्या, त्याचं बरोबर आहे. मी त्याच्या जागी असते तर हेच विचारलं असतं.

संस्थेत अशा तुलनेसाठी वाढवलेले मासे पूर्वी असत. पण टाकीची खोली कुठल्याशा नव्या यंत्रासाठी गेली होती आणि मासे उरले होते ते रसायनांच्या कोठाराशेजारी, जनरेटरच्या भिंतीला लागून. त्यांची रेघ मंडलांच्या माशांपेक्षा फार वेगळी नव्हती. म्हणून ताईंना एक मासा हवा होता. निवांत मासा, असं त्याला आम्ही म्हणायला लागलो. ज्याच्या यकृताला कसलीही धावपळ नाही, ज्याची रेघ पुसट आहे, असा. तो मिळाला असता तर सुबलच्या कालव्याचा प्रश्न सुटला असता. निदान सुटायला सुरुवात झाली असती. ताईंच्या निवृत्तीला फार अवकाश नव्हता, आणि नंतर हे काम कुणी हातात घेईल असं दिसत नव्हतं.

मग शोध. सुट्टीच्या दिवशी बर्फाची पेटी, बाटल्या, आणि माझ्याकडे थालीपिठांचा डबा. बालीगंजला एका जुन्या बंगल्याच्या आवारातलं तळं होतं, काठाला आंब्याची झाडं, पाणी कसं हिरवंगार आणि शांत. ताई खूश झाल्या. आठवड्याने रेघ आली, गडद. बागेतल्या किडीवर माळी फवारणी करत होता. मग लोकलने बऱ्याच लांब एका खेड्यात गेलो. तिथे भातशेतीतलं औषध तळ्यात उतरत होतं. एका देवळाच्या तळ्यात मूर्तींचे रंग होते. प्रत्येक ठिकाणचं विष वेगळं निघे, पट्टीवर उमटे ती तीच रेघ.

बागबाजारच्या एका घराच्या मागे तळं आहे असं कळलं तेव्हा तर मजाच झाली. घरमालक म्हातारे, धोतराचा सोगा हातात. त्यांनी विचारलं, कुठल्या तुम्ही? महाराष्ट्रातल्या, असं ताईंनी सांगितलं. तसं म्हाताऱ्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं की तुमच्या मराठा स्वारांच्या भीतीने आमच्या पूर्वजांनी इथून जवळच खंदक खणायला घेतला होता, आणि आमच्या आया आम्हाला तुमचं नाव घेऊन झोपवत. आता तुम्ही माशासाठी आलात. ताईंना तिथे बाल्कनी नव्हती. त्या पदर तोंडात कोंबून जिन्याखाली गेल्या. म्हाताऱ्यांनी आम्हाला मिठाई खायला घातली आणि मासाही दिला. त्याच्याही यकृतात काही निवांतपणा नव्हता. घरातली धुणी त्या तळ्यात होत होती.

त्या दिवशी टॅक्सीत बसल्यावर ताई पहिल्यांदा हरल्यासारख्या बोलल्या. ‘असा मासा आता नसेलच की काय गं,’ त्या म्हणाल्या. ‘आणि तो नसेल तर बाकीच्यांना काय झालंय, हे मी सांगू तरी कुणाला?’ मी त्यांना डब्यातलं उरलेलं थालीपीठ दिलं आणि त्यांनी ते खाल्लं.

म्हणून ती घरातली टाकी. बाहेर मिळत नाही तर आपण वाढवू, असं त्यांनी ठरवलं. बोटाएवढी रुईची पिल्लं आणली. पाणी गाळून, हवा सोडून, लॅबमध्ये तपासून. खाणं घरी शिजवलेलं. टाकीतल्या पंपाखाली जुन्या रजईची घडी, थरथर नको म्हणून. आणि मग ते सगळे नियम, शिट्टी, घंटी, मोजे. भावोजींनी हे इतक्या मनापासून उचललं की मला त्यांचं हसूही यायचं आणि कौतुकही वाटायचं. जन्मभर सरकारी आकडे जुळवलेला माणूस, आता माशांच्या झोपेची काळजी करत होता. कालीपूजेच्या संध्याकाळी फटाके सुरू झाले तेव्हा मी त्यांच्या घरी होते. खिडक्यांवर गाद्या टेकवल्या होत्या आणि एक गादी सारखी घसरत होती, तर भावोजी तिला पाठ लावून उभे राहिले. फटाके थांबेपर्यंत ते तसेच उभे होते. ताई टाकीशेजारी अंधारात बसल्या होत्या, पाण्याकडे बघत.

ताई रोज संध्याकाळी तिथे तशाच बसायच्या. मासे माणसाला सरावावेत, उद्या हात घातला तर दचकू नयेत, म्हणून. पावसाळ्यापासून आमच्या भागात डासांचा कहर होता. वरच्या मजल्यावरची मुलगी डेंगूने दवाखान्यात होती. ताई बसून उठल्या की घोट्यांवर लाल फोड दिसायचे. पण त्या खोलीत उदबत्ती नाही, कॉईल नाही, काही नाही. सांगून सांगून त्यांनी भावोजींना आणि मला पाठ करवलं होतं.

मासे हाताच्या लांबीचे झाले. ताईंनी त्यातले काही लॅबमध्ये नेले. त्या दिवशी त्यांनी साबुदाण्याचे वडे केले होते आणि डबा मलाही दिला होता, इतक्या त्या आनंदात होत्या.

रेघ आली. गडद. एक नाही, सगळ्यांची.

त्यानंतर त्या घरात जे चाललं होतं ते बघवत नव्हतं. ताई पाणी पुन्हा तपासत होत्या, खाणं तपासत होत्या, काच जोडायच्या लुकणाचा तुकडा काढून नेत होत्या. भावोजी त्यांच्या मागे मागे. एका संध्याकाळी मीही होते. पंपाच्या वायरीत काही दोष आहे का बघायला ताईंनी खोलीतला जड पडदा बाजूला केला. मागे, खाली, भिंतीतल्या सॉकेटमध्ये, डास पळवायचं ते यंत्र खोचलेलं होतं. औषधाची छोटी बाटली आणि वर बारीक लाल दिवा.

ताईंनी वाकून ती बाटली पाहिली.

‘हे कधीपासून आहे?’

‘पावसाळ्यापासून,’ भावोजी म्हणाले. ‘तू इथे बसतेस. पाय सुजतात तुझे. वरच्या पोरीला डेंगू झाला, मला झोप लागेना. धूर होत नाही म्हणाला दुकानदार. वासही नाही.’

मला वाटलं आता या माणसाचं काही खरं नाही. खरं सांगायचं तर मलाच त्यांच्यावर ओरडावंसं वाटत होतं. डासाला मारणारं औषध माशाला त्याहून वाईट, हे ताईंनी आमच्यासमोर किती वेळा सांगितलं होतं. पण धूर नाही म्हणजे विष नाही, असं भावोजींनी मनाशी धरलं आणि बायकोचे पाय वाचवले. ताई खाली बसल्या. ते यंत्र त्यांनी सॉकेटमधून काढून हातात धरलं होतं.

‘मी पण इथंच बसत होते की, अहो,’ त्या म्हणाल्या. ‘त्याच हवेत. मला वास कळायला हवा होता. जन्म गेला माझा यात.’

एवढंच. मग त्यांनी भावोजींना विचारलं की तुम्ही जेवलात का. नाही, म्हणाले. तर उठून त्यांनी पानं घेतली. मला बस म्हणाल्या, पण मला तिथे बसवेना. दाराशी आले तर भावोजी माझ्या मागे आले, दार लावायला. डोळे भरलेले होते. पायांत अजून मोजे होते आणि ते अजूनही आवाज न करता चालत होते.

ताईंनी पुन्हा पिल्लं आणली. काही महिने तरी लागणार होते, आणि त्यांच्या हातात जवळजवळ तेवढेच महिने होते. सुबलला त्यांनी फोन करून खरं ते सांगितलं, की उशीर होईल. सुबलने ऐकून घेतलं. त्याचे दोघे चुलत भाऊ केव्हापासून त्याच्या मागे लागले होते. त्या भागात जमिनीला गिऱ्हाईक होतं. तळं बुजवा, मोकळं द्या, मग बघू, असं सांगणारी माणसं येऊन गेली होती. दीदींचा अहवाल येईल, शेड हटतील, तळं पहिल्यासारखं पिकेल, असं सांगून सुबलने त्यांना थोपवून धरलं होतं. हे ताईंना ठाऊक होतं. म्हणून तर त्या सुट्टीच्या दिवशीही झोपत नसत.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मालतीचा फोन आला. ताईंनी मला हाक मारली आणि आम्ही रिक्षा करून गेलो.

तळ्याच्या एका बाजूला राबिटाचे ढीग पडले होते. फुटक्या विटा, फरशा, कुणाच्या तरी न्हाणीघराचा निळा तुकडा. एक ट्रक मागे मागे येत होता. पाणी अर्धं उपसलं होतं आणि उरलेल्यात माणसं कमरेएवढी उतरून जाळं ओढत होती. ओरडत, पाणी बडवत. मासे उड्या मारत होते, चिखलात आपटत होते, माणसांच्या पायांत येत होते. ताई काठावर उभ्या राहिल्या. त्यांना काय वाटत असेल याचा विचार करायचीही मला भीती वाटली.

सुबल वर आला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो हात पुसून एवढंच म्हणाला की दीदी, भाऊ थांबले नाहीत. मग तो ट्रकवाल्याशी बोलायला गेला. त्याचे भाऊ तिथेच उभे होते आणि त्यांनी आमच्याकडे पाठ केली होती. ताईंनी मालतीचा हात धरला. दोघींपैकी कुणीच रडलं नाही.

बाजारात जिवंत माशाला मेलेल्याच्या मानाने चांगला भाव मिळतो, म्हणून इथे मासे ॲल्युमिनियमच्या मोठ्या हंड्यांत पाणी घालून नेतात. आणि वाटभर कुणीतरी त्या हंडीत हात बुडवून पाणी सतत आपटत राहावं लागतं, हवा मिसळावी म्हणून. हात थांबला की मासे उलटे होतात. अशा हंड्या एका तीनचाकी गाडीत भरल्या होत्या. एका हंडीशी मालती चढून बसली. दुसऱ्या हंडीशी बसायला कुणी नव्हतं, कारण भाऊ ट्रकपाशी आणि सुबलला गाडी चालवायची होती. मालतीने ताईंकडे नुसतं बघितलं.

ताई साडी वर घेऊन गाडीत चढल्या. मी म्हटलं, ‘ताई, हे मासे कुणाच्या तरी घरी जाणार. तुम्हाला माहीत आहे यांच्यात काय आहे ते.’ मला ते बोलायचं नव्हतं, तोंडातून गेलं.

त्यांनी बाही कोपरापर्यंत सरकवली आणि हात हंडीत घातला.

‘माहीत आहे,’ त्या म्हणाल्या. ‘पण जिवंत पोचले तर भाव बरा मिळेल गं मालतीला. तेवढंच.’

गाडी सुरू झाली. कच्च्या बांधावरून ती हेलकावत निघाली आणि मी मागे उभी राहिले. बांधाच्या वळणापर्यंत मला त्या दिसत होत्या. मान खाली, समोर मालती, आणि उजवा हात सारखा वर जाऊन पाण्यावर पडत होता. अवघड लय होती ती, त्यांना सवय नव्हती. पण हात थांबला नाही.